टर्बो बसवायचा कुठे?

1952 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत पोल पोझिशनवर उभी होती एक डिझेल गाडी. कमिन्स कंपनीची. (पुणेकरांना हे नाव कोथरूडच्या कारखान्यामुळे घरचंच वाटेल.) चालक फ्रेड अगाबाशियन. इंजिन 6.6 लिटरचं, सहा सिलिंडरचं, गाडी ठेंगणी राहावी म्हणून जवळजवळ आडवं निजवलेलं. आणि त्याला टर्बोचार्जर. टर्बो लावून त्या शर्यतीत उतरलेली ही पहिलीच गाडी. 71 फेऱ्यांनंतर ती थांबली. टर्बोला हवा पुरवणारं तोंड गाडीच्या नाकाशी, खालच्या अंगाला ठेवलं होतं. पुढच्या गाड्यांच्या टायरांचे रबराचे कण आणि ट्रॅकवरची घाण आत ओढली जाऊन हा रस्ताच तुंबला. बाकी यंत्र चांगलं होतं, तोंडाची जागा चुकली होती.

रेसिंगमधल्या टर्बोचा विषय निघाला की बोलणं बूस्टवर आणि अश्वशक्तीवर जातं. दीड लिटरच्या इंजिनातून 1986 च्या सुमारास हजाराहून जास्त अश्वशक्ती काढत, हे आजही ऐकायला भारी वाटतं. पण ती ताकद वळणातून बाहेर पडताना चाकांपर्यंत वेळेवर पोचते का, हे बरंचसं नळांच्या मांडणीवर ठरतं. आणि गंमत अशी, की ही मांडणी इंजिनवाल्याच्या मनासारखी होण्याचे प्रसंग इतिहासात फार थोडे. गाडीचा तळ, गाडीची शेपटी आणि नियमपुस्तक ह्या तिघांनी जागा वाटून घेतल्यावर जे उरेल, त्यात टर्बो बसतो.

इंजिनवाल्याला काय हवं असतं ते आधी पाहू. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टमधून उष्णता आणि वेगाच्या रूपात बाहेर जातो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी ह्यानं 1905 मध्ये पेटंट घेतलं ते ह्या वाया जाणाऱ्या ऊर्जेला कामाला लावण्यासाठी. गरम वायू टर्बाइनचं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं कॉम्प्रेसरचं चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. म्हणजे एका टर्बोला चार तोंडं: गरम वायू आत, गरम वायू बाहेर, थंड हवा आत, दाबलेली हवा बाहेर. टर्बाइनला इंजिनाच्या अगदी जवळ राहायचं असतं, कारण नळ लांबला की उष्णता जाते. कॉम्प्रेसरला त्याच उष्णतेपासून लांब राहायचं असतं, कारण तापलेली हवा विरळ होते. आणि हे दोघं एकाच दांड्याला बांधलेले. पेट्रोल इंजिनात टर्बाइनपाशी तापमान हजार अंशांच्या आसपास जातं आणि दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. खरी मेख इथेच आहे.

शिवाय एक्झॉस्ट संथ वाहत नाही. प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला की दाबाचा एक ठोका बाहेर पडतो. हे ठोके टर्बाइनवर समान अंतरानं, एकमेकांत न मिसळता पोचले, तर झोक्याला वेळ साधून दिलेल्या धक्क्यांसारखे उपयोगी पडतात. मिसळले तर एक सिलिंडर दुसऱ्याच्या श्वासात अडथळा आणतो. म्हणून चार सिलिंडरच्या इंजिनात 1 आणि 4 चा नळ वेगळा, 2 आणि 3 चा वेगळा ठेवून दोन कप्प्यांच्या टर्बाइनमध्ये सोडतात. त्यालाच ट्विन-स्क्रोल म्हणतात. व्ही-6 ला हे वरदान फुकट मिळतं: एका बाजूच्या तीन सिलिंडरांचे ठोके क्रँकशाफ्टच्या बरोबर 240 अंशांवर पडतात, म्हणून एका बाजूला एक छोटा टर्बो बसवला की काम झालं. टर्बोच्या रेसिंगमध्ये व्ही-6 पुन्हा पुन्हा का दिसतो, त्याचं एक कारण हे. रस्त्यावरच्या नेहमीच्या व्ही-8 मध्ये मात्र एका बाजूचे ठोके वेडेवाकडे पडतात. बीएमडब्ल्यूनं 2009 च्या एक्स-5 एम आणि एक्स-6 एम गाड्यांच्या इंजिनात डाव्या-उजव्या बाजूंचे नळ एकमेकांत गुंफून ठोके सारखे केले. ते करता आलं, कारण त्यांचे टर्बो दोन बाजूंच्या मध्ये, व्हीच्या बेचक्यात होते. ह्या मांडणीला ‘हॉट व्ही’ म्हणतात. तिच्याकडे परत येऊच.

सुरुवातीच्या काळात जागेचा फार विचार नव्हता. 1973 च्या कॅन-अॅम मालिकेत मार्क डोनोह्यूनं विजेतेपद मिळवलं ते पोर्शे 917/30 वर. सपाट बारा सिलिंडर, 5.4 लिटर, मागे दोन टर्बो, अकराशेच्या आसपास अश्वशक्ती. एवढ्या मोठ्या इंजिनाला टर्बो उशिरा जागा झाला तरी फारसं बिघडत नाही. दीड लिटरच्या इंजिनाला ही चैन परवडत नाही. 1966 पासून फॉर्म्युला वनच्या नियमांत तीन लिटरचं साधं किंवा दीड लिटरचं हवा दाबून भरणारं इंजिन, असा पर्याय होता. अकरा वर्षं कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. 1977 मध्ये रेनोनं सिल्व्हरस्टोनला आरएस-01 उतरवली. व्ही-6, आणि दोन्ही बाजूंचा धूर ओढून नेणारा एकच मोठा टर्बो. इंजिनांतून वाफा निघत, म्हणून इंग्रजांनी तिला ‘पिवळी चहादाणी’ म्हणून चिडवलं. चालक जाँ-पिएर जाबूई पाय दाबायचा आणि ताकद यायची ती वळण संपत आल्यावर. आपल्याकडे म्हणतात तसं, पिकअपच नव्हता.

तोडगा निघाला तो नळांत. 1979 च्या मोसमात बेर्नार दुदोच्या चमूनं एक मोठा टर्बो काढून दोन छोटे केकेके टर्बो बसवले, प्रत्येक बाजूला एक. चाकं हलकी झाली, नळ आखूड झाले, ठोके आपोआप वेगळे झाले. 1 जुलैला दिजाँच्या फ्रेंच ग्रांप्रीत जाबूई जिंकला. टर्बो गाडीचा फॉर्म्युला वनमधला हा पहिला विजय. त्याच शर्यतीतली व्हिलनव्ह आणि आर्नू ह्यांची दुसऱ्या क्रमांकासाठीची झटापट लोकांच्या जास्त लक्षात राहिली. आर्नूचीही रेनोच होती, हे त्यात हरवलं.

फेरारीनं 1981 मध्ये वेगळा रस्ता धरला. तिच्या 126-सी चा व्ही-6 तब्बल 120 अंशांनी उघडलेला. एवढ्या रुंद बेचक्यात एक्झॉस्ट आत वळवून टर्बो इंजिनाच्या डोक्यावर बसवायला ऐसपैस जागा होती. वायूच्या दृष्टीनं ही उत्तम सोय, नळ आखूडच्या आखूड. 1982 आणि 1983 अशी दोन वर्षं फेरारीनं संघांचं विजेतेपद घेतलं, तेव्हा ही मांडणी चुकीची होती असं म्हणता येणार नाही. तरीही 1985 च्या 156/85 मध्ये त्यांनी ती उलटी केली: हवा आत घेणारे नळ बेचक्यात, एक्झॉस्ट बाहेरच्या अंगाला, टर्बो खाली बाजूंना. हेतू सरळ होता. गाडीच्या डोक्यावरचं तापलेलं वजन खाली आणायचं आणि मागच्या पंखाकडे जाणारी हवा मोकळी करायची. इंजिनाला जे सोयीचं ते गाडीला गैरसोयीचं, आणि अशा वेळी हार इंजिनानंच मानायची, हा पायंडा त्याआधीच पडला होता.

तो पाडला मॅक्लारेनच्या जॉन बर्नार्डनं. त्यानं पोर्शेकडे इंजिन मागितलं ते मापं देऊन: खालून अरुंद पाहिजे, एक्झॉस्ट वरून काढा, तळाशी काहीही लोंबता कामा नये. कारण त्या काळी गाडीच्या पोटाखालच्या बोगद्यांतून हवा खेचून गाडी रस्त्याला चिकटवत, आणि ते बोगदे त्याला मोकळे हवे होते. पोर्शेसारख्या कंपनीला असं फर्मावणारा माणूस विरळा. हान्स मेत्स्गरनं त्या मापांत 80 अंशांचा टॅग-पोर्शे व्ही-6 बसवला. पण इंजिन ट्रॅकवर यायच्या आत, 1983 साठी, नियम बदलले आणि सपाट तळ सक्तीचा झाला. बोगदे गेले. तरी ती शिस्त वाया गेली नाही: टर्बो बाजूच्या पॉडांत नीट बसले, मागचा भाग कोकच्या बाटलीसारखा आवळता आला, आणि 1984 मध्ये मॅक्लारेननं 16 पैकी 12 शर्यती जिंकल्या. चालकांचं विजेतेपद तिथून सलग तीन वर्षं त्यांच्याच गाडीला: लाउडा, मग दोनदा प्रॉस्त. एक बारीक गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीला दोन्ही बाजूंचे टर्बो एकाच हाताचे, म्हणजे एकाच दिशेला फिरणारे होते, त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूचे नळ सारखे करता येत नसत. 1985 साठी आरशातल्या प्रतिमेसारखी जोडी बनवून घेतली, तेव्हा कुठे दोन्ही बाजू जुळल्या.

गाडीपुढे इंजिनानं किती झुकावं ह्याला मर्यादा असते, हे ब्रॅबमनं अक्षरशः दाखवून दिलं. 1983 मध्ये नेल्सन पिकेनं बीटी-52 वर विजेतेपद मिळवलं, टर्बो गाडीतला पहिला विश्वविजेता तो. इंजिन बीएमडब्ल्यूचं, चार सिलिंडरचं, उभं, एका अंगाला एकच टर्बो. उंची ही त्याची अडचण. 1986 च्या बीटी-55 साठी गॉर्डन मरेनं ते 72 अंशांनी कलतं केलं. कागदावर गाडी देखणी, मागच्या पंखाला हवा भरपूर. प्रत्यक्षात कललेल्या इंजिनातलं तेल परत जागेवर येईना, आणि अख्ख्या मोसमात गुण मिळाले दोन. इंजिन मुळापासून त्या मापांत घडवणं वेगळं, आणि उभ्यासाठी घडवलेलं इंजिन आडवं पाडणं वेगळं.

रॅलीचा प्रश्न निराळा, म्हणून थोडक्यात. तिथे इंजिन बहुधा बोनेटखाली आडवं, एक्झॉस्ट एक तर रेडिएटरकडे नाही तर चालकाच्या पायांपुढच्या भिंतीकडे, जागेची निवड मुळातच कमी. त्यामुळे लढाई जागेपेक्षा उशिराशी झाली. लान्चिआनं डेल्टा एस-4 ला टर्बोच्या जोडीला पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर दिला. पुढे अँटी-लॅग आलं: पाय काढला तरी एक्झॉस्टमध्येच इंधन जाळून टर्बाइन फिरतं ठेवायचं. फटाके वाजतात ते त्याचेच. ताकदीला वेसण म्हणून टर्बोच्या तोंडाशी 34 मिलिमीटरची रेस्ट्रिक्टर कडी घातली गेली. 1995 मध्ये टोयोटाच्या संघानं ह्या कडीला वळसा घालून हवा आत सोडणारी छुपी यंत्रणा बसवल्याचं उघड झालं आणि संघावर बारा महिन्यांची बंदी आली. जोडणी तपासायला उघडली की ती निमूट बंद व्हायची. कारागिरी म्हणून अव्वल, बाकी लबाडीच.

आता हॉट व्ही. 1988 नंतर फॉर्म्युला वनमधून टर्बो हद्दपार झाला आणि चांगल्या कल्पना ल मॉंसच्या चोवीस तासांच्या शर्यतीकडे वळल्या. ऑडीचा 2011 चा आर-18 टीडीआय हा ह्या विचारातला माझ्या लेखी सर्वांत नीटस नमुना. आधीच्या आर-15 मध्ये व्ही-10 डिझेल आणि दोन बाजूंना दोन टर्बो होते. नवा नियम लहान इंजिन मागत होता. उलरिश बारेत्स्कीच्या विभागानं 3.7 लिटरचा व्ही-6 केला, तोही 120 अंशांचा, एक्झॉस्ट बेचक्यात आणि तिथेच एकच मोठा टर्बो. कॉम्प्रेसर दोन्ही अंगांनी हवा घेणारा, टर्बाइनची पाती गरजेप्रमाणे वळणारी. एकच टर्बो म्हणजे वजन कमी, नळ कमी, बाजूंचा भाग हवेसाठी मोकळा. रेनोनं एक सोडून दोन टर्बो केले तो काळ आणि ऑडीनं दोनाचा एक केला तो काळ, ह्यांत विरोध नाही. मध्ये फरक पडला तो पात्यांच्या तंत्राचा आणि डिझेलचा: डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा बराच कमी तापतो, म्हणून हलणारी पाती टिकतात आणि बेचक्यातली कोंडलेली उष्णता सोसवते. त्या वर्षी ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या भीषण अपघातांत गेल्या. उरलेल्या एकीनं चोवीस तासांनंतर प्यूजोला 13.854 सेकंदांनी हरवलं.

हॉट व्हीचं हल्ली इतकं कौतुक होतं, की तीच अंतिम मांडणी असा समज पसरतो. फेरारीची 499-पी गाडी 2023, 2024 आणि 2025 असं सलग तीनदा ल मॉंस जिंकली, तिचा व्ही-6 120 अंशांचा, टर्बो बेचक्यात. त्यामुळे समजाला खतपाणी मिळालं. पण चाळीस वर्षांपूर्वी ह्याच कंपनीनं हीच मांडणी टाकून दिली होती, हे विसरू नये. 499-पी रुंद, झाकलेली गाडी आहे. तिच्या पाठीवर थोडं उंच वजन चालतं. उघड्या चाकांच्या, सुईसारख्या शेपटीच्या गाडीत हिशेब बदलतो. इंडीकारमध्ये 2012 साली होंडानं 2.2 लिटरच्या व्ही-6 ला एक टर्बो लावला, शेव्हरोलेनं दोन. दोघांत बरीच वादावादी झाली आणि 2014 पासून सगळ्यांना दोन सक्तीचे केले गेले.

ह्या सगळ्या प्रवासातलं सर्वांत धीट उत्तर आलं 2014 मध्ये, आणि तेही नियमांनी हातपाय बांधलेले असताना. फॉर्म्युला वनचा नवा नियम म्हणाला: 1.6 लिटर, 90 अंशांचा व्ही-6, टर्बो एकच, त्याचा दांडा क्रँकशाफ्टला समांतर आणि गाडीच्या मध्यरेषेवर, इंधन तासाला 100 किलोपेक्षा जास्त नाही. शिवाय टर्बोच्या दांड्यावर एमजीयू-एच नावाची विजेची मोटर, मिनिटाला कमाल सव्वा लाख फेऱ्यांची. ती एक्झॉस्टमधून वीज बनवते आणि गरज पडली तर टर्बोला स्वतः फिरवते, म्हणजे उशिराचा प्रश्नच मिटतो. रेनोनं टर्बो जुन्या पद्धतीनं इंजिनामागे एकत्र ठेवला. फेरारीनंही टर्बाइन आणि कॉम्प्रेसर मागेच ठेवले. ब्रिक्सवर्थच्या कारखान्यात अँडी कॉवेलच्या हाताखालच्या मर्सिडीज अभियंत्यांनी टर्बोचे दोन तुकडे केले. टर्बाइन इंजिनाच्या मागे, कॉम्प्रेसर पुढे, आणि दोघांना जोडणारा लांब दांडा बेचक्यातून, मोटरला पोटात घेऊन.

वर म्हटलेली मेख, गरम आणि थंड एकाच दांड्याला बांधलेले असण्याची, इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थानं सुटली. कॉम्प्रेसर आगीपासून लांब गेला, त्यामुळे हवा कमी तापली आणि ती थंड करणारा इंटरकूलर लहान चालला. नळ आखूड झाले. इंजिनामागची जागा रिकामी झाल्यानं गिअरबॉक्स पुढे सरकला आणि शेपटी बारीक झाली. किंमत एकच: तो लांब दांडा. लाखभर फेऱ्यांना लांब दांडा थरथरतो, वाकतो, बेअरिंगं खातो. हे साधणं सोपं नव्हतं. त्या वर्षी मर्सिडीजनं 19 पैकी 16 शर्यती जिंकल्या. विजयाचं सगळं श्रेय टर्बोला देणं भाबडेपणाचं, पण हे यश त्याच्यावाचून मिळालं नसतं.

त्याच इंजिनातली दुसरी खोड कमी बोलली गेली. पहिल्या वर्षी मर्सिडीजनं समान लांबीचे डौलदार नळ न वापरता सिलिंडरहेडला चिकटलेला ओंडक्यासारखा आखूड मॅनिफोल्ड घातला. ठोक्यांची शिस्त मोडली, थोडी ताकद गेली, पण उष्णता टर्बाइनपर्यंत शाबूत पोचली आणि जागा वाचली. 2015 मध्ये मात्र ते पुन्हा समान लांबीच्या नळांकडे वळले. म्हणजे तडजोड एका वर्षापुरती होती.

होंडानं 2015 मध्ये आणखी पुढे जायचं ठरवलं. मॅक्लारेनला मागून अतिशय आवळलेली गाडी हवी होती, म्हणून कॉम्प्रेसरच बेचक्यात कोंबला. बेचक्याच्या मापानं चाक लहान, चाक लहान म्हणून हवा अपुरी, वीजही अपुरी. संघ दहापैकी नवव्या क्रमांकावर राहिला. बर्नार्डनंही इंजिनवाल्यांना असंच मापांत बांधलं होतं. पण त्यानं टर्बोला बाजूच्या पॉडांत मोकळी जागा ठेवली होती. 2017 मध्ये होंडानं मर्सिडीजसारखी विभागणी स्वीकारली, आणि त्या लांब दांड्यानं त्यांना रडवलं. तो दुखणारा भाग ताळ्यावर आला तो कंपनीच्या विमान विभागातल्या, होंडाजेटच्या, अभियंत्यांची मदत घेतल्यावर. 2019 मध्ये रेड बुलबरोबर विजय आले, 2021 मध्ये वेर्स्टापेन विश्वविजेता झाला. रेनोही 2022 मध्ये शेवटी त्याच मांडणीवर आली. आठ वर्षं लागली.

टर्बाइनमधून बाहेर पडल्यावरही एक्झॉस्टचं काम संपत नाही. 1983 च्या रेनो आरई-40 मध्ये तो मागच्या डिफ्यूझरवर सोडून तळाखालची ओढ वाढवली गेली. 2011 मध्ये रेड बुलनं हे तंत्र टोकाला नेलं, पण ती इंजिनं बिनटर्बोची होती, धुरात जोर होता. टर्बाइननं आधीच जोर काढून घेतलेल्या धुरात ती मजा नाही, आणि 2014 पासून एकच मधला नळ सक्तीचा झाल्यावर वाटच बंद झाली. 2016 मध्ये वेस्टगेटचा, म्हणजे टर्बाइनला टाळून जादा धूर सोडणाऱ्या झडपेचा, नळ वेगळा काढायला लावला, तो केवळ गाड्यांचा आवाज वाढावा म्हणून. नळांची जागा प्रेक्षकांच्या कानांसाठी ठरवल्याचं हे एक उदाहरण.

2026 पासून फॉर्म्युला वनमधून एमजीयू-एच काढून टाकली आहे. टर्बोला हात देणारी मोटर गेली, म्हणजे उशीर परत आला. मग लांब दांडा कशाला? त्याचं निम्मं कारण, मधल्या मोटरला बेचक्यात जागा मिळवून देणं, संपलं. उरलं निम्मं, थंडाला गरमापासून तोडणं. पण दांडा जड असेल तर चाक जागं व्हायला तेवढाच वेळ जास्त. आता आखूड दांडा, लहान चाकं आणि ठोके न मिसळणारे समान लांबीचे नळ ह्यांचं पारडं जड झालं आहे, असं माझं मत. जाबूईची चहादाणी ज्या प्रश्नावर अडली होती, त्याच प्रश्नावर इंजिनवाल्याचं म्हणणं गाडीवाल्याला पुन्हा ऐकून घ्यावं लागेल.